विश्लेषण : बाईकच्या हँडलवर लावलेल्या फोनचा कॅमेरा का बिघडतो? लांबच्या राइडमध्ये गॅजेट्स कशी जपायची?

लडाखचा सीझन असो की पावसाळा ओसरल्यावरची कोकणाची राइड, बाईकवर आता कपड्यांइतकीच गॅजेट्सची गर्दी असते. हँडलवर फोन, हेल्मेटवर अ‍ॅक्शन कॅमेरा, सॅकमध्ये लॅपटॉप आणि टँक बॅगमध्ये पॉवर बँक. त्यातही फोनवर सगळ्यात जास्त भिस्त असते. रस्ता तोच दाखवतो, पेट्रोलचे पैसे त्यातूनच जातात, लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असते आणि अपघात झाला तर ११२ नंबरही त्यावरूनच फिरवायचा असतो. आडवाटेच्या घाटात फोन बंद पडला, तर ही सगळी दारं एकदम बंद होतात.

फोन पडून फुटेल, ही भीती सगळ्यांनाच असते. पण लांबच्या प्रवासात गॅजेट्सचं नुकसान बऱ्याचदा न दिसणाऱ्या गोष्टींमुळे होतं. इंजिनाची थरथर, ऊन, ओल, थंडी आणि कसंतरी केलेलं वायरिंग ही त्यातली मुख्य कारणं. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे, तो समजून घेऊ.

इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा कसा बिघडतो?

सप्टेंबर २०२१मध्ये अ‍ॅपलने आपल्या सपोर्ट पेजवर एक इशारा दिला. जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनातून निघणारी ठरावीक वारंवारतेची तीव्र कंपनं हँडल आणि चासीमार्फत आयफोनपर्यंत पोहोचतात आणि त्यामुळे कॅमेऱ्याची कामगिरी खालावू शकते, असं कंपनीने म्हटलं. इशारा आयफोनपुरता होता, पण त्यामागचं तंत्र आज अनेक अँड्रॉइड फोनमध्येही आहे.

हे तंत्र म्हणजे ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजेच ओआयएस. फोटो काढताना आपला हात किंचित हलतो. तो किती हलला हे फोनमधला जायरोस्कोप मोजतो आणि त्याच्या उलट दिशेने लेन्स (काही फोनमध्ये सेन्सर) सरकवून फोटो स्थिर ठेवला जातो. त्यासाठी हा भाग घट्ट न बसवता बारीक स्प्रिंगांवर तरंगता ठेवलेला असतो. छोटी कॉइल आणि चुंबक त्याला हलवतात. ही रचना हाताच्या हलक्या हालचालीसाठी आहे, इंजिनाच्या हादऱ्यांसाठी नाही.

आता थोडं गणित. सिंगल सिलिंडर इंजिन ४,५०० आरपीएमवर चालत असेल, तर पिस्टन सेकंदाला ७५ वेळा वर-खाली होतो. सहा तास त्याच वेगाने गाडी चालवली, तर हा आकडा १६ लाखांवर जातो. झोका नेमक्या लयीत ढकलला की थोड्या जोरातही उंच जातो. तसंच कंपनांची लय कॅमेऱ्यातल्या स्प्रिंगच्या नैसर्गिक लयीच्या जवळ आली, की तो नाजूक भाग गरजेपेक्षा कितीतरी जास्त हलतो. यालाच अनुनाद म्हणतात. एका राइडमध्ये काही जाणवणारही नाही, पण झीज साठत जाते.

आपल्या फोनला धोका आहे, हे कसं ओळखायचं?

फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये कॅमेऱ्यापुढे ‘ओआयएस’ लिहिलं आहे का ते पाहा. असेल, तर काळजी घ्यायला हवी. नुसतं ‘ईआयएस’ असेल, तर स्थिरीकरण सॉफ्टवेअरमधून होतं. त्यात लेन्स हलवणारा भाग नसतो, त्यामुळे हा धोका बराच कमी होतो.

बिघाडाची लक्षणं साधारण सारखीच असतात. कॅमेरा उघडल्यावर स्क्रीनवरचं चित्र आपोआप थरथरतं, फोकस लागत नाही किंवा कॅमेऱ्यातून बारीक गुणगुण ऐकू येते. फोन रीस्टार्ट करून हे थांबत नसेल, तर दोष बहुधा यांत्रिक असतो आणि कॅमेऱ्याचं मॉड्यूल बदलण्याची वेळ येते. मात्र कॅमेरा बंद असताना फोन हलवल्यावर आतून हलकासा खुळखुळ आवाज आला, तर घाबरू नका. ओआयएस असलेल्या अनेक फोनमध्ये तो असतोच.

मग फोन लावायचा कुठे?

मोठ्या इंजिनाच्या बाईकवर आयफोन लावूच नका, असा अ‍ॅपलचा सल्ला आहे. स्कूटर, मोपेडसारख्या छोट्या किंवा इलेक्ट्रिक गाड्यांवर लावायचाच असेल, तर कंपनं शोषणारा होल्डर वापरा आणि तरीही रोज तासन् तास लावून ठेवू नका, असंही कंपनी सांगते. अशा होल्डरमध्ये रबर किंवा सिलिकॉनचे बुश असतात. ते कंपनं कमी करतात, शून्य करत नाहीत. आरशाच्या दांड्यावर लावलेला होल्डर हँडलच्या मध्याजवळ लावलेल्या होल्डरपेक्षा जास्त डुलतो, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय बहुतेकांच्या कपाटातच पडून असतो, तो म्हणजे जुना फोन. ओआयएस नसलेला जुना फोन हँडलवर लावा, नकाशे आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा आणि गरज पडली तर मुख्य फोनच्या हॉटस्पॉटवरून त्याला इंटरनेट द्या. मुख्य फोन जॅकेटच्या आतल्या खिशात राहू द्या. शरीर हादरे शोषून घेतं आणि बाईक आडवी झालीच, तर मदत मागण्यासाठी फोन हाताशी राहतो. हँडलवरचा फोन अशा वेळी कुठे उडून पडेल, याचा नेम नाही.

फोन आयपी६८ आहे, मग पावसात काय बिघडणार?

आयपी रेटिंगमधला पहिला आकडा धुळीपासूनचं संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचं. आयपी६७ म्हणजे फोन एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं तग धरतो. आयपी६८मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते. पण ही चाचणी नव्या फोनवर, गोड्या आणि साचलेल्या पाण्यात होते. वेगाने आदळणाऱ्या पाण्याच्या झोताची चाचणी वेगळी असते आणि ती ५ किंवा ६ या आकड्याने दाखवतात. ७ किंवा ८ मिळवलेला फोन ५ आणि ६ची चाचणीही पास झालाच आहे, असं धरता येत नाही.

पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारं चिखलपाणी हे प्रयोगशाळेतलं पाणी नसतं. शिवाय पडणं, उष्णता आणि वापर यांमुळे फोनचं सील हळूहळू सैल होतं. पाण्याने झालेला बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. पाणी आत गेलं की नाही, हे रंग बदलणाऱ्या छोट्या पट्टीवरून सर्व्हिस सेंटरला कळतं. त्यामुळे आयपी रेटिंग हा फार तर शेवटचा आधार समजा.

सामानासाठी रोल-टॉप ड्राय बॅग सगळ्यात भरवशाची. तिचं तोंड किमान तीन घड्या घालून बंद करा. सॅकवरचं रेन कव्हर वरून येणारा पाऊस अडवतं, पण पाठीकडून उतरणारं पाणी अडवत नाही. म्हणून सॅकच्या आतही प्रत्येक वस्तू वेगळ्या झिप-लॉक पिशवीत ठेवा आणि सोबत सिलिका जेलची एक-दोन पाकिटं टाका. एसी खोलीतून गार झालेला कॅमेरा थेट कोकणातल्या दमट हवेत काढला, की लेन्सवर बाष्प धरतं. तो बॅगेतच अर्धा तास राहू द्या, मग काढा.

फोन भिजलाच, तर तांदळात ठेवायचा का?

नाही. जानेवारी २०२४मध्ये अ‍ॅपलने हे स्पष्टच सांगितलं. तांदळाचे बारीक कण पोर्टमध्ये जाऊन आणखी नुकसान करू शकतात. हेअर ड्रायर किंवा कॉम्प्रेस्ड एअरही नको. पोर्ट खाली धरून फोन हातावर हलकेच आपटा, पाणी निथळू द्या आणि हवा खेळती असलेल्या कोरड्या जागी ठेवा. किमान ३० मिनिटं चार्जरला हात लावू नका. पूर्ण वाळायला २४ तासही लागू शकतात. ओल्या पोर्टमध्ये वीज सोडली, की आतल्या पिना गंजायला सुरुवात होते. त्यामुळे भिजलेल्या फोनचा खरा शत्रू घाईने लावलेला चार्जर आहे.

ऊन आणि पारदर्शक पाऊच

अ‍ॅपलच्या सूचनेनुसार आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरायचा असतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतलं तापमानच याच्या पुढे जातं. त्यात फोन हँडलवर थेट उन्हात, स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस चालू आणि वर चार्जिंग. मग स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं आणि शेवटी फोन तापल्याचा इशारा येतो. वॉटरप्रूफ पाऊचमध्ये वारा लागत नसल्याने उष्णता आतच कोंडते. पाऊस नसेल तेव्हा पाऊच काढून ठेवा. हेल्मेटमध्ये इंटरकॉम असेल, तर आवाज कमी ठेवून बोलून दिलेल्या सूचना ऐका आणि स्क्रीन बंद राहू द्या. चहाला थांबल्यावर फोन उन्हात गाडीवर ठेवून जाऊ नका.

बाईकवर चार्जिंग करताना काय चुकतं?

फोन चार्ज करायला साधारण १० ते १२ वॉट लागतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम एक अँपिअर. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब ५५-६० वॉटचा असतो, त्यापुढे हा भार किरकोळ आहे. अडचण येते ती जोडणीत. हेडलाइटची वायर सोलून, पीळ मारून, वर टेप गुंडाळून चार्जर लावला जातो. पावसात तिथेच शॉर्टसर्किट होतं आणि फोनसोबत बाईकचं वायरिंगही जळू शकतं. गाडीची वॉरंटी नाकारली जाण्याचा धोका वेगळाच.

योग्य पद्धत म्हणजे बॅटरीपासून स्वतंत्र वायर, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज आणि चावी फिरवल्यावरच वीज सोडणारा रिले. रिले नसेल, तर गाडी बंद असतानाही चार्जर थोडी थोडी वीज खात राहतो आणि काही दिवस उभी राहिलेली बाईक सेल्फ मारत नाही. स्टार्ट करताना व्होल्टेज खाली-वर होतं, म्हणून इंजिन सुरू झाल्यावरच फोन जोडा. पावसात हँडलवर चार्जिंग टाळा आणि पॉवर बँक वापरा. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॉट-तास. रूपांतरात होणारी घट धरली, तर ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर दोनदा पूर्ण चार्ज होत नाही. मुक्काम ठरवताना हा हिशेब धरा.

लडाखच्या उंचीवर वेगळं काय होतं?

दोन गोष्टी. पहिली थंडी. थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ३० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. ऊब मिळाली की तो बहुधा पुन्हा सुरू होतो. पण शून्याखालच्या तापमानात चार्जिंग केलं, तर बॅटरीत धातूरूप लिथियमचा थर जमतो आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून सरचू, पांगसारख्या ठिकाणी तंबूत मुक्काम असेल, तर फोन, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. सकाळी त्या अंगाच्या उबेवर येऊ द्या, मगच चार्जिंगला लावा.

दुसरी गोष्ट विरळ हवा. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं हेड हवेच्या अतिसूक्ष्म थरावर तरंगतं. हवा विरळ झाली की हे अंतर कमी होतं आणि हेड तबकडीला घासू शकतं. म्हणूनच अशा अनेक डिस्क चालू ठेवण्याची मर्यादा सुमारे ३,००० मीटर असते. लेह शहरच साधारण ३,५०० मीटरवर आहे, खारदुंगला ५,३५९ मीटरवर. बंद डिस्क सोबत नेण्यात अडचण नाही, पण तिकडे पोहोचून तिच्यावर फोटो कॉपी करणं जोखमीचं. त्यापेक्षा एसएसडी किंवा पेन ड्राइव्ह घ्या. त्यांत फिरणारा भागच नसतो.

लॅपटॉप पाठीवर की पॅनियरमध्ये?

पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉपला हादरे सगळ्यात कमी बसतात. पण बाईकवरून पडलो, तर पाठीवरची टणक वस्तू मणक्याला इजा करू शकते. लॅपटॉप दुरुस्त होतो, मणक्याचं तसं नाही. म्हणून लॅपटॉप आणि कॅमेरा पॅनियर किंवा सॅडल बॅगमध्ये, कपड्यांच्या मधोमध ठेवा. खाली आणि बाजूंना मऊ थर हवा. सायलेन्सरच्या बाजूची बॅग तापते, तिथे बॅटरी असलेली कुठलीही वस्तू नको. लॅपटॉप स्लीप मोडवर न ठेवता पूर्ण शटडाउन करा. बॅगेत तो आपोआप सुरू झाला, तर तिथेच तापत राहतो.

नियम काय सांगतो?

गाडी चालवताना हातातला फोन वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार फोनचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी आणि चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. हँडलवरच्या फोनवर मेसेज वाचणं किंवा व्हिडीओ पाहणं यात बसत नाही.

निघण्यापूर्वी पाच गोष्टी

१. मुख्य फोन खिशात, जुना फोन हँडलवर.
२. ऑफलाइन नकाशे दोन्ही फोनमध्ये.
३. चार्जरच्या वायरवर फ्यूज आहे का, ते स्वतः पाहून घ्या. एक जादा फ्यूज सोबत ठेवा.
४. फोटोंची रोज रात्री दुसरी प्रत. मेमरी कार्ड आणि बॅकअप वेगवेगळ्या बॅगेत.
५. थोडी रोख रक्कम आणि घरच्यांचे नंबर कागदावर लिहून, तेही झिप-लॉक पिशवीत. एवढी काळजी घेऊनही फोन बंद पडलाच, तर पुढच्या गावापर्यंत हा कागद कामी येईल.