उदबत्तीच्या धुराने शोधा घराच्या फटी

लोणावळ्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या चामडी चपलांवरही बुरशी धरते. एसी किंवा डिह्युमिडिफायर दिवसभर चालवूनही खोली दमट राहत असेल, तर दोष बहुधा यंत्राचा नसतो. फटींतून बाहेरची ओली हवा सतत आत येते आणि तिच्यातलं पाणी काढण्यातच वीज जाते.

ही गळती मोजणारी चाचणी म्हणजे ब्लोअर डोअर. मुख्य दाराच्या चौकटीत पंखा बसवून हवा बाहेर खेचतात आणि आत-बाहेर 50 पास्कल दाबाचा फरक राखतात. त्यासाठी जितकी हवा ओढावी लागते, तितकी घराची गळती.

घरच्या घरी एवढं अचूक मोजता येत नाही, पण फटी नक्की सापडतात. शेगडी आणि गॅस गीझर बंद करा, दारं-खिडक्या लावा, एक्झॉस्ट फॅन सुरू करा. पडदे बाजूला सारून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर खोलीच्या बाजूला झुकला की तिथे फट आहे. स्लायडिंग खिडकीची झिजलेली ब्रशपट्टी आणि एसीच्या पाइपचं भोक आधी पाहा. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर झडीचं पाणी घरात येईल.

मावळातल्या कौलारू घरांना हे फटी बुजवणं लागू नाही. तिथे कौलांमधून हवा खेळणं हीच सोय आहे. आणि गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराचा झरोका कधीही बंद करू नका. साचलेला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो.