बीज, बेशरम आणि मामा तलाव

देवरी सोडली की महामार्ग थोड्याच वेळात छत्तीसगडात शिरतो. याच तालुक्यात सिरपूरचं धरण बाघ नदीला अडवतं. पुढे ही नदी वैनगंगेला मिळते. नकाशात धरण ठळक दिसतं, पण गोंदिया-भंडाऱ्याचं पाणी खऱ्या अर्थानं साठलंय ते तलावांत. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांहून अधिक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला. पाळ घातली कोहळ्यांनी, पाण्यात उतरले मासेमारी करणारे ढिवर. १९५१मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळाला वाली उरला नाही.

या तलावांकडे विज्ञानानं कसं पाहिलं, हे समजायला आधी लोणावळ्याला जावं लागतं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे नाव आज मत्स्यशास्त्राबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. १९४०मध्ये त्यांनी मुंबईच्या परिसरातल्या एका चिमुकल्या, काचेसारख्या पारदर्शक माशाचं वर्णन केलं. त्याला ‘होराइक्थिस सेटनाय’ हे नाव देऊन डॉ. सुंदरलाल होरा आणि डॉ. सेटना या मत्स्यशास्त्रातल्या दोघांची आठवण जोडली. बोटभरही नसलेल्या त्या माशाचं प्रजनन इतकं वेगळं निघालं की त्याच्यासाठी नवं कुळच मांडावं लागलं. पुढे कुलकर्णी महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक झाले. निवृत्तीनंतर आराम करण्याऐवजी ते लोणावळ्यातल्या टाटांच्या वळवण तलावाकाठी महसीर माशाच्या मागे लागले.

दख्खनचा हा महसीर, टॉर खुद्री, कर्नल साइक्सनं एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला होता. धरणं झाली आणि त्याच्या अंडी घालायच्या वाटा बंद पडल्या. कुलकर्णींनी नर-मादी पकडून अंडी हातानं काढली, फलित केली, वाढवली. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध १९७१च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर धाडता येतात, हेही त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी दाखवून दिलं. पेट्या परराज्यांत जाऊ लागल्या. काम मोठंच होतं, पण त्याची एक बाजू नंतर उघडी पडली. यातली काही बोटुकली कावेरीत सोडली गेली. तिथे मुळातच कुबडा महसीर होता, फक्त त्याच खोऱ्यातला. गळ टाकणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२च्या नोंदी तपासल्या तेव्हा कुबड्याची संख्या घसरत गेलेली आणि बाहेरून आलेल्याची वाढत गेलेली दिसली. २०१८मध्ये कुबड्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. दोष कुलकर्णींना देणं अन्याय ठरेल. त्यांच्या काळात बीज सोडणं म्हणजेच संवर्धन, अशी सगळ्यांचीच समजूत होती.

तीच समजूत पूर्व विदर्भातल्या तलावांत उतरली. १९५७मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन माशांना अंडी घालायला लावलं आणि रोहू-कटला-मृगळचं बीज बाजारात मिळू लागलं. १९५९मध्ये ग्रास कार्प देशात आला. त्याचं खाणंच पाणवनस्पती. तो तलावात पडला की मरळ, मांगूर ज्या झुडपात लपतात आणि पिल्लं वाढवतात तेच संपतं. उरलेली जागा बेशरमनं घेतली. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल आहे: हे झुडूप कापलं तरी उगवतं, गुरंही त्याला तोंड लावत नाहीत.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी या प्रश्नाची उलटी बाजू धरली. त्यांनी मासा मोजण्याआधी ढिवरांना विचारलं: कुठला मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, कुठल्या महिन्यात पाळीजवळ येतो, कुठल्या जाळ्यात सापडतो? उत्तरं लिहून घेतली, पडताळली. अर्जुनी मोरगावच्या बाजूला मग तलावांवरच प्रयोग झाले. बेशरम मुळासकट काढायचं, उन्हाळ्यात कोरडी जमीन नांगरायची, पाऊस पडताच स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. या कामात ढिवर बाया पुढे होत्या, आणि मला हे संशोधन इतर कशाहूनही जास्त पटतं ते त्यामुळे. प्रयोगशाळेत शिकलेल्याला वनस्पतीचं लॅटिन नाव येतं. ती कुठल्या खोलीला रुजते हे रोज पाण्यात उतरणाऱ्या बाईला ठाऊक असतं. दोन्ही लागतात.

कुलकर्णींचा मार्ग माशापासून सुरू झाला, राजनकरांचा पाण्यापासून. बीजाला पैसा पटकन मिळतो, पाणवनस्पतींसाठी निधी मागितला की हसू होतं. आजही मत्स्यबीज वाटपाचा फोटो छापून येतो. देवधानासारखी पाणवनस्पती लावल्याचा येत नाही.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलाव उकरणं चांगलंच, पण जेसीबी काठाचा उथळ उतार सरसकट खरवडून नेतो, तेव्हा पाणवनस्पतींची जागाही ट्रॉलीत भरून शेतात जाते. देवरीसारख्या तालुक्यांत पुढच्या उन्हाळ्यात असं काम निघालं, तर ग्रामसभेनं ढिवरांच्या सहकारी संस्थेला आधी बोलवावं, काठाचा निदान एक पट्टा हात न लावता ठेवावा आणि ग्रास कार्पचं बीज घेऊ नये.