शाळेचे दप्तर आणि हार्ड डिस्कची निवड

दाखल-खारीज रजिस्टर हे शाळेच्या दप्तरातील सर्वांत मोलाचे पुस्तक होय. गावातील मनुष्याची जन्मतारीख, वडिलांचे नाव व जात यांविषयीचा सर्वांत जुना लेखी पुरावा पुष्कळदा तेथेच सापडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या वेळी महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरेही कपाटांतून बाहेर आली. काही नोंदी उर्दूत, काही मोडीत. हात लावताच तुटणारा कागद आणि वाळवीने खाल्लेल्या कडा हे दृश्य वाशी तालुक्यातील शिक्षकांस अपरिचित नाही.

अशा पानांच्या प्रतिमा काढून ठेवणे हितावह आहे. त्या मोबाइलमध्ये किंवा खिशातील पेनड्राइव्हमध्ये ठेवणे मात्र हितावह नाही. त्यासाठी ‘नॅस’ या नावाने मिळणारी साठवणपेटी उपयोगी पडते. घरातील किंवा शाळेतील राउटरला जोडलेला, दोन हार्ड डिस्का बसविलेला हा एक लहानसा संगणकच असतो. पेटी कोणती घ्यावी हा प्रश्न दुय्यम आहे. नोंदी राहतात त्या डिस्कांवर.

बहुतेकांचे लक्ष प्रथम आकारमानाकडे जाते. हिशेब करून पाहावा. एका पानाची रंगीत प्रतिमा ३ मेगाबाइटची धरली, तर २०० पानांचे रजिस्टर ६०० मेगाबाइटचे होते. ४ टेराबाइटच्या डिस्कवर अशी सहा हजारांहून अधिक रजिस्टरे मावतात. एखाद्या केंद्रातील सर्व शाळांचे दप्तर एकत्र केले तरी ती भरणे कठीण. (संगणक तीच डिस्क ३.६३ टेराबाइटची दाखवितो, यात दुकानदाराची लबाडी नाही. कारखाना हजाराच्या पटीने मोजतो व संगणक १०२४ च्या, इतकेच.) तेव्हा आकारासाठी पैसे न वेचता ते जातीसाठी वेचावेत.

जात म्हणजे लेखनाची पद्धत. डिस्कच्या तबकडीवर माहिती वर्तुळाकार पट्ट्यांत लिहिली जाते. ‘सीएमआर’ पद्धतीत प्रत्येक पट्टा शेजारच्यापासून मोकळा असतो. ‘एसएमआर’ पद्धतीत अधिक माहिती मावावी म्हणून पट्टे एकमेकांवर थोडे चढविलेले असतात. आपल्याकडे छपराचे पत्रे ठोकतात तसेच हे आहे. चढवून ठोकलेल्या छपरातील मधला एक पत्रा बदलावयाचा, तर त्यावर चढलेला पत्राही उचकटावा लागतो. एसएमआर डिस्कवर जुन्या जागी नवे लिहिताना हेच घडते. पुढचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात आणि काम रेंगाळते. दोनांपैकी एक डिस्क निकामी झाल्यावर नव्या डिस्कवर सर्व मजकूर उतरविताना ही दिरंगाई विशेष जाचते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटल या कंपनीने मान्य केले, की साठवणपेटीसाठी विकल्या जाणाऱ्या तिच्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्का एसएमआर पद्धतीच्या होत्या. पुढे सीएमआर डिस्कांना ‘रेड प्लस’ हे नाव दिले गेले. सबब वेष्टनावरील नावावर विसंबू नये. बार्शीहून घ्या वा घरबसल्या मागवा, क्रमांक पाहून कंपनीच्या तक्त्यात पद्धत पडताळावी.

माहितीपत्रकात ‘सरासरी १० लाख तास’ असा आकडा आढळतो. त्याची वर्षे ११४ होतात; पण एक डिस्क ११४ वर्षे चालेल असा त्याचा अर्थ नव्हे. अशा ११४ डिस्का चालू ठेवल्यास वर्षाला सुमारे एक निकामी होईल, असा तो अंदाज आहे. आपली तीच निघणार नाही, याची हमी कोणीही देत नाही. हमीची मुदत पाहावी. अखंड चालण्यासाठी केलेल्या डिस्कांना ती बहुधा तीन वर्षांची असते, साध्यांना दोन.

दोन्ही डिस्का एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नयेत. एकाच घाण्यातील मालात दोषही एकच असू शकतो. नवी डिस्क आल्यावर तिचा संपूर्ण पृष्ठभाग एकदा वाचून घ्यावा. ४ टेराबाइटला सात-आठ तास लागतात. भारनियमनाच्या भागात यूपीएस हवाच. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात पेटी ठेवणे म्हणजे तिला भाजणे होय.

दोन डिस्कांवर तोच मजकूर असला म्हणजे राखीव प्रत झाली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. एका डिस्कवरून फाइल पुसली, की दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने क्यूनॅप कंपनीच्या हजारो पेट्यांतील फाइली कुलूपबंद केल्या. तेथे जोडीची डिस्क कामास आली नाही. त्या पेट्या इंटरनेटवरून थेट पोहोचता येईल अशा ठेवलेल्या होत्या. आपली पेटी तशी उघडी ठेवू नये.

यास्तव तिसरी डिस्क घ्यावी. ती साधी, यूएसबीने जोडावयाची चालेल. तिमाहीस एकदा प्रत उतरवून ती दुसऱ्या इमारतीत, शक्यतो केंद्रशाळेच्या कुलूपबंद कपाटात ठेवावी व वर तारीख लिहावी. या नोंदींत मुलांची खाजगी माहिती असते. म्हणून त्या शाळेबाहेर नेण्यापूर्वी मुख्याध्यापकांची लेखी अनुज्ञा घ्यावी. मूळ रजिस्टर मात्र कोणत्याही परिस्थितीत रद्दीत घालू नये. आक्षेप निघाल्यास पडताळणी मूळ पानावरूनच होते.