कालवांची जनुकीय ओळख

अंधेरी पश्चिमेस वर्सोव्याजवळ असलेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ साली स्थापन झाली, १९७९ मध्ये ती भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कक्षेत आली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मत्स्य आनुवंशिकी आणि जैवतंत्रज्ञान हा तिचा एक प्रमुख विभाग असून, पेशीतील डीएनए वाचून प्राण्याची जात, वंश आणि गुण ठरवण्याच्या ज्या पद्धतींना जनुकसंचीय साधने म्हणतात, त्यांचे शिक्षण तेथे दिले जाते. या साधनांचा कस जसा कालवांच्या बाबतीत लागतो, तसा माशांच्या बाबतीत क्वचितच लागतो.

माशाची जात पर, खवले आणि काटे मोजून ठरवता येते. कालवाचा शिंपला मात्र जागा मिळेल तसा वाढतो, त्यामुळे एकाच जातीची कालवे खडकावर चपटी, चिखलात लांबट आणि दाटीवाटीत वेडीवाकडी होतात. ओहोटीच्या वेळी कालवे फोडणाऱ्या कोळणी खडकावरची आणि खाडीतली कालवे वेगळी ओळखतात. शास्त्राच्या परिभाषेत पहिली बहुधा सॅकोस्ट्रिया कुक्युलाटा, तर दुसऱ्यांत क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस ही महत्त्वाची जात होय. या दुसऱ्या जातीची वाढ आणि प्रजनन यांचा अभ्यास १९६० च्या दशकात मुंबईच्या विज्ञान संस्थेतील डी. व्ही. बाळ आणि व्ही. एस. दुर्वे यांनी केळव्याच्या खाडीत केला होता. परंतु शिंपल्यावरून दिलेले नाव किती फसवे असू शकते, याचे उदाहरण चीनमध्ये सापडते: मोती नदीच्या मुखाशी शतकानुशतके पाळल्या गेलेल्या कालवाची जात स्वतंत्र असल्याचे २००३ साली, डीएनएचा आधार घेतल्यावरच, सिद्ध झाले आणि तेव्हा तिला हाँगकाँगचे नाव मिळाले.

अशा ओळखीसाठी पेशीतील ऊर्जाकेंद्रांच्या, म्हणजे तंतुकणिकांच्या, डीएनएतील सुमारे ६५० अक्षरांचा एक ठरावीक तुकडा वाचतात. यालाच डीएनए बारकोड म्हणतात. काम सोपे वाटले तरी खरी अडचण हाताशीच असते. शिंपला मिटून धरणाऱ्या स्नायूचा कापलेला तुकडा मद्यार्कात जपला, तरी कालवाच्या अंगातील बुळबुळीत शर्करायुक्त द्रव्य डीएनएला चिकटून राहते आणि पुढची रासायनिक क्रिया अडवते. म्हणून सीटॅब नावाच्या क्षालक द्रव्यात तो तुकडा सुमारे ६० अंश सेल्सियसला विरघळवून, क्लोरोफॉर्मने गाळ वेगळा करून, वरच्या निवळीतून डीएनएचे पांढरे तंतू काढावे लागतात.

संपूर्ण जनुकसंच वाचणे याहून बिकट आहे. संगणक वाचलेले लहान तुकडे त्यांच्या समान टोकांवरून जोडत जातो, पण आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींत कालवांमध्ये इतका फरक असतो की एकच जागा दोन वेगळ्या जागा समजली जाते. प्रशांत महासागरी कालवाचा जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकांनी चार पिढ्या भावंडांचा संकर करून हा फरक कमी केला होता. त्यात सुमारे २८,००० जनुके आढळली. त्यांपैकी उष्णतेने बिघडणारी प्रथिने सावरणाऱ्या एचएसपी-७० कुळातील ८८ होती, माणसात ती १७ च्या आसपास आहेत. भर उन्हात ओहोटीभर कोरड्या खडकावर तग धरणाऱ्या प्राण्याकडे एवढी तरतूद असावी, यात नवल नाही. भारतात कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने २०२३ साली हिरव्या शिणाण्याचा, म्हणजे कालवासारख्याच दुसऱ्या शिंपल्याचा, जनुकसंच १५ गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत मांडला, त्यामुळे अशा कामाची क्षमता देशात आहे हे उघड आहे.

तरीही कोकण किनाऱ्यासाठी पहिला खर्च महागड्या यंत्रावर नव्हे, तर नमुन्यांवर व्हायला हवा. सार्वजनिक डीएनए संग्रहांत चुकीच्या नावाने नोंदलेल्या कालवांच्या नोंदी आहेत, आणि मूळ शिंपला जपलेला नसेल तर ती चूक नंतर तपासता येत नाही. म्हणून वर्सोव्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या प्रत्येक खाडीतील डीएनएच्या नमुन्यासोबत त्याचा शिंपला, जागा, तारीख आणि क्रमांक यांच्या नोंदीसह, संग्रहालयात ठेवलाच पाहिजे.