एक कोयता, दोन माणसे आणि उत्पन्नाची मर्यादा

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील गावे रिकामी होऊ लागतात. बिऱ्हाड, कोयते व जनावरे घेऊन ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामापूर्वी मुकादम कोयत्यामागे उचल देतो, ती बहुधा पुरुषाच्या हाती पडते, आणि हिशेबाच्या वहीतही त्याचेच नाव असते. बायको तितकाच ऊस तोडते व मोळ्याही वाहते, परंतु तिच्या मजुरीची स्वतंत्र नोंद कोठेच होत नाही.

शासकीय साहाय्याचा प्रश्न आला म्हणजे या एकत्रित हिशेबातून घोटाळे उत्पन्न होतात. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत पात्र स्त्रीस दरमहा १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांहून अधिक नसावे. येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. पत्नीची कमाई वहीत नसली तरी ती कुटुंबाच्या उत्पन्नात धरावयाचीच असते. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना मात्र वेगळा उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली व दर टनास साधारण ३६६ रुपये झाला. समजा, एका जोडप्याने रोज दोन टन ऊस तोडला, तर दिवसाची मजुरी ७३२ रुपये होते. हंगामात असे १५० दिवस भरले, तर १,०९,८०० रुपये. ही रक्कम अडीच लाखांच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यात कोरडवाहू तुकड्यातील कापूस-सोयाबीनची व वाढे विकून आलेली रक्कम मिळविली तरी सामान्य कुटुंब मर्यादेच्या आतच राहते.

तथापि, पुष्कळ ठिकाणी चूक होते ती उचलीच्या बाबतीत. उचल हे उत्पन्न नव्हे. ते अंगावरचे कर्ज असून मजुरीतून फेडावयाचे असते. वरील जोडप्याने दीड लाखाची उचल घेतली असेल आणि कोणी ती मजुरीत मिळविली, तर बेरीज २,५९,८०० होते व गरीब कुटुंब कागदावर अपात्र ठरते. खरी स्थिती अशी की मजुरी वळती होऊनही त्यांच्यावर ४०,२०० रुपयांची बाकी राहते आणि पुढील वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. हा भेद ग्रामसेवकांनी जोडप्यास नीट समजावून द्यावा. उत्पन्न लपविण्याचा सल्ला मात्र कोणी देऊ नये; हिशेब बरोबर मांडला तर लपविण्याची गरजच पडत नाही.

घरातील म्हाताऱ्यांच्या अर्जाची गोष्ट निराळी आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये अशी चालत आली आहे. ७३२ रुपये रोजाने हे जोडपे २९ दिवसांतच ती ओलांडते! म्हणून आईवडिलांचा अर्ज करताना दाखल्यात कोणकोण कुटुंबात धरले आहेत आणि सध्याची मर्यादा किती आहे, हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मागे गावी राहतात ते बहुधा हेच वृद्ध, आणि पुष्कळदा नातवंडेही त्यांच्याच हवाली असतात.

पंतप्रधान किसान सन्मान निधीत तोडणीच्या मजुरीने काही बाध येत नाही. जमीनधारक कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये मिळतात. आयकर भरणारे मात्र वगळलेले आहेत. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एकच कुटुंब असल्याने दोघांनी वेगवेगळा लाभ घेता येत नाही. जमीन पत्नीच्या नावे असून तिला हा निधी व राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधी असे दोन्ही मिळून वर्षास १२,००० रुपये मिळत असतील, तर लाडकी बहीण योजनेतून तिला उरलेले ५०० रुपयेच दरमहा मिळतात. हप्ता १,५०० ऐवजी ५०० आला म्हणून मुकादमाने किंवा बँकेने पैसे कापले असे समजून कित्येक बायका घाबरतात. त्यांना कारण सांगावे.

सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेत ई-केवायसी अनिवार्य झाली आणि विवाहित स्त्रीसाठी पतीचा आधार क्रमांकही मागण्यात आला. मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. पण ते दिवस ऐन गाळपाचे. फडात आधाराशी जोडलेला मोबाइल नवऱ्याजवळ, तो ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर, आणि बायको कोपीत. अशा वेळी संकेतांक कोणास कळणार? टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आसपास, ग्रामपंचायतीत एक दिवस ठेवून दोघांचे आधार, मोबाइल क्रमांक व बँक खाती तपासून घेतली तर बरेच काम होते. ग्रामसेवकांकडून मिळणारे ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र काढतानाही नोंद दोघांची स्वतंत्र करावी, केवळ कोयत्याची नव्हे. ज्या घरातील दोघेही निघून गेले असतील त्यांची यादी मुकादमाच्या मोबाइल क्रमांकासह कार्यालयात ठेवावी.