पुंगलीच्या पुलावर उतरलेली पलटण

भारतीय लष्कराच्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा, ही विमानातून उड्या घेऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून पायदळाची पलटण होती. मुंबई इलाख्याच्या फौजेत १७९७ मध्ये उभी राहिलेली ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १९४४ मध्ये इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चालून जाऊन मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे आजच्या रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे तिचेच. महायुद्धानंतर तिचे छत्रीदलात रूपांतर झाले आणि १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट स्थापन होताच तिला २ पॅरा (मराठा) हे नाव मिळाले.

छत्रीधारी सैनिकाची उडी फार वेळ चालत नाही. विमानातील तारेला अडकवलेली पट्टी, जिला स्टॅटिक लाइन म्हणतात, तो बाहेर पडताच ताणली जाऊन छत्री उघडते, आणि जमिनीला पाय लागल्यावर तो पुन्हा साधा पायदळ सैनिकच उरतो, तोही वाहनांवाचून आणि मोजक्या दारूगोळ्यावर. म्हणून शत्रूच्या पिछाडीचे एखादे मोक्याचे ठिकाण ताब्यात घ्यायचे आणि जमिनीवरून येणारी मुख्य फौज पोहोचेपर्यंत ते सोडायचे नाही, हेच छत्रीदलाचे खरे काम असते. चर्चा मात्र उडीचीच होते.

भारत-पाकिस्तान युद्धात ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ही पलटण पूर्व पाकिस्तानातील, म्हणजे आजच्या बांगलादेशातील, टांगाइलजवळ उतरवण्यात आली. जमालपूर आणि मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट लोहजंग नदीवरील पुंगलीच्या पुलावरून जात होती. बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कादर सिद्दीकी यांच्या मुक्तिवाहिनीशी संधान बांधण्यासाठी एक भारतीय अधिकारी आधीच त्या भागात पोहोचला होता. अंधार पडल्यावर पूल हाती आला आणि रात्री उत्तरेकडून आलेल्या पाकिस्तानी वाहनांच्या रांगा तिथेच अडवल्या गेल्या, जरी त्या ब्रिगेडचा काही भाग आधीच दक्षिणेकडे निसटला होता. दुसऱ्या दिवशी जमालपूर जिंकून आलेल्या १ मराठा लाइट इन्फन्ट्रीशी पुलावर गाठ पडली. म्हणजे पूर्वी एकाच रेजिमेंटच्या असलेल्या दोन पलटणी युद्धभूमीवर भेटल्या. परदेशी वृत्तपत्रांत पाच हजार सैनिक उतरल्याची बातमी झळकली. उतरली होती एकच पलटण आणि तिच्या साहाय्यक तुकड्या, पण ती बातमी खोडून काढण्याची भारताच्या बाजूने कोणालाच घाई नव्हती.

१६ डिसेंबरला मिरपूरच्या पुलावरून ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत २ पॅरा होती. पन्नू यांना महावीर चक्र आणि पलटणीला पुंगलीच्या पुलाच्या नावाचा युद्धसन्मान मिळाला.