जुने रिव्हॉल्व्हर आणि उतारवयातील नेम

गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाच्या भिंतीवरून सायंकाळी फेरफटका मारताना पलीकडच्या जंगलाची काळी रेघ दिसते. अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या या वनपट्ट्यात एके काळी बंदूक हे शेतीच्या अवजारांसारखेच घरातले साधन होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे पर्व संपले, तरी काही घरांतील कपाटांत शस्त्र आणि परवाना दोन्ही राहिले. एखाद्या निवृत्त फौजीच्या किंवा वनाधिकाऱ्याच्या घरी वेब्ली घडणीचे जुने रिव्हॉल्व्हरही जपलेले असते.

कल्पना करा, आपल्या घरातील पंचाहत्तरीचे आजोबा एके दिवशी म्हणतात, “मला एकदा रेंजवर घेऊन चल. हात अजून चालतो का, ते पाहायचे आहे.” आपण हसून विषय टाळाल, की शस्त्र गुपचूप लपवून ठेवाल? दोन्हींनी त्यांचा मान दुखावतो. त्यांच्या इच्छेचा आदर ठेवून आधी शरीर, मग शस्त्र आणि शेवटी मन तपासून घेणे, हाच खरा मार्ग होय.

वय आड येत नाही, याचे दाखले आहेत. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या ऑलिम्पिकमध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी नेमबाजीचे रौप्यपदक मिळविले. उत्तर प्रदेशातील जोहडी गावच्या चंद्रो तोमर यांनी साठी उलटल्यावर, नातीला रेंजवर नेता नेता, स्वतः पिस्तूल हाती घेतले. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्या ऐन तारुण्यात होत्या. परंतु या खेळाला लागणारी एकाग्रता तरुणांचीच मक्तेदारी नाही.

डोळे, कान, हात

नेम धरताना नजर दूरच्या लक्ष्यावर नव्हे, तर नळीच्या टोकावरील माशीवर स्थिरावी लागते. ही माशी हात लांबवून धरल्यावर सुमारे दोन फुटांवर येते. वाचनाचा चष्मा त्याहून जवळच्या अंतरासाठी असतो आणि लांबचा चष्मा त्याहून दूरच्या. म्हणून नेत्रतज्ज्ञांना नेमके हे अंतर सांगून चष्मा करून घ्यावा. मोतीबिंदू असल्यास माशीच्या कडा पुसट दिसतात. तो आधी तपासावा.

रिव्हॉल्व्हरच्या एका बारातून निर्माण होणारा आवाज १५० डेसिबलच्याही पुढे जाऊ शकतो आणि एकाच झटक्यात कानाला कायमची इजा करू शकतो. कानावर झाकणारे संरक्षक साधन नेहमीच घालावे. श्रवणयंत्र बंद केले म्हणजे कान सुरक्षित झाला, असे समजू नये.

हातांचे वेगळेच आहे. घोडा आधी न चढवता केवळ चाप ओढून बार काढायचा झाल्यास अनेक जुन्या रिव्हॉल्व्हरांत ५ किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो. याउलट स्पर्धेतील १० मीटर हवाई पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम एवढाच भार ठरविलेला आहे. सांधेदुखीने आखडलेल्या अंगठ्याला चढवलेला घोडा सावकाश खाली उतरवणे अवघड जाते. अंगठा निसटला तर बार उडतो.

हात कापत असेल तर कारण डॉक्टरांकडून जाणून घ्या. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी आपण मेटोप्रोलॉल वा अ‍ॅटेनोलॉल घेत असाल, तर एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ही औषधे कंप कमी करतात, म्हणून स्पर्धात्मक नेमबाजीत ती प्रतिबंधित आहेत. स्पर्धेच्या मोहाने गोळी स्वतःहून कधीही बंद करू नये. ती अचानक सोडल्यास हृदयाला धोका संभवतो. चाप ओढताना श्वास खोल भरून कोंडू नये. सहज उच्छ्वासानंतरच्या नैसर्गिक विरामातच नेम साधावा.

शस्त्राचे वार्धक्य

माणसाप्रमाणे शस्त्रही थकते. वेब्लीचे १९१५ चे लष्करी रूप जवळजवळ १.१ किलो वजनाचे. त्याची मधली कडी झिजलेली असू शकते, स्प्रिंग सैल पडलेली असू शकते आणि दशकांपूर्वीची काडतुसे भरवशाची नसतात. परवानाधारक कारागिराने तपासल्याखेरीज एकही बार काढू नये. काही जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा भरलेल्या कप्प्यावर टेकलेला असताना शस्त्र हातातून पडले तरी गोळी सुटते.

चक्र आणि नळी यांच्यामधील फटीतून गरम वायू व शिशाचे कण बाजूला उडतात. तेथे बोटे नेऊ नयेत. आधार देणाऱ्यानेही शेजारी उभे न राहता मागे थांबावे. सरावानंतर हात साबणाने धुवावेत आणि कपडे बदलून मगच नातवंडांना जवळ घ्यावे, कारण शिसे लहान मुलांच्या मेंदूला विशेष अपायकारक असते.

आणि रेंज म्हणजे मुंबईतील वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारखी मान्यताप्राप्त जागा. धरणाचा काठ किंवा शेताचा बांध नव्हे.

मनाचा प्रश्न

आता सर्वांत अवघड गोष्ट. आजोबांना नावे आठवेनाशी झाली आहेत का? संशय वाढला आहे का? पत्नीच्या निधनानंतर ते फार अबोल झाले आहेत का? यांपैकी काहीही आढळले, तर शस्त्र घरात असणे हीच चिंतेची बाब समजावी. निराशेचा तीव्र क्षण बहुधा ओसरतो. त्या क्षणी हाताशी शस्त्र नसणे एखादा जीव वाचवू शकते. असे विचार बोलून दाखविले जात असतील, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर लगेच संपर्क साधा.

एरवी हा संवाद वेळीच, प्रकृती चांगली असतानाच करावा. “बाबा, हे तुम्ही जपलेत. पुढे कोण जपणार, ते तुम्हीच ठरवा,” अशा शब्दांत सुरुवात केली, तर त्यांचा मान राखला जातो. सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकास हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. तोपर्यंत शस्त्र व काडतुसे वेगवेगळी, कुलूपबंद ठेवावीत. मालकाचा मृत्यू झाल्यास शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करावे लागते.

आणि नेमाची हौस? ती जपता येते. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, हलक्या चापाचे छऱ्यांचे हवाई पिस्तूल घेऊन, प्रसंगी खुर्चीत बसूनही सराव करता येतो. कागदावरचे वर्तुळ तेच, श्वासाचा विराम तोच आणि काळ्या ठिपक्यात छिद्र उमटल्यावर चेहऱ्यावर येणारे हसूही तेच. आजोबांना त्या जुन्या रिव्हॉल्व्हरपेक्षा बहुधा तेच हवे असते. सोबत जा, त्यांचा कागद जपून घरी आणा आणि त्यावर तारीख घाला.